घराबाहेरचा नोव्हेंबर

मुलाला किंवा जावयाला जपानमध्ये नोकरी लागली, की इकडे पेढे वाटले जातात. पासपोर्ट, व्हिसा, गोडा मसाला, कुकरच्या जादा रिंगा अशी यादी पुरी होते आणि एके दिवशी जोडपे विमानात बसते. पुढची खुशाली फोनवरून कळते. घर लहान पण नीटनेटके आहे, नळाचे पाणी तसेच पिता येते, आगगाडी मिनिटाचीही चूक करीत नाही. सूनबाईंचे दिवस कसे जातात, हे मात्र फोनवर कोणी फारसे सांगत नाही आणि इकडून कोणी विचारतही नाही.

ते दिवस पुष्कळदा असे जातात. नवरा सकाळी आठला बाहेर पडतो, तो रात्री नऊ-दहाला परततो. खाली उतरावे तर पाट्या वाचता येत नाहीत. दुकानातली पुडी साखरेची की मिठाची, हे चित्रावरून ओळखावे लागते. शेजारीण लिफ्टमध्ये भेटली की कमरेत वाकून अभिवादन करते आणि आपल्या दाराआड जाते. भारतात शाळेत शिकवणारी किंवा बँकेत काउंटर सांभाळणारी बाई इथे 'डिपेंडंट' म्हणून आलेली असते. वेगळी परवानगी काढली, तर तिला आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते. पण भाषा येत नसेल तर काम देणार कोण? पहिली दिवाळी येते आणि जाते. पार्सलने आलेला चिवडा संपतो. मग घर फारच शांत वाटू लागते. आपण या देशात राहतो आहोत, की नुसत्या थांबलो आहोत, हा प्रश्न नेमका याच सुमारास मनात येतो.

जपानमधल्या भारतीयांची संख्या आता ५० हजारांच्या वर गेली आहे आणि त्यांची सर्वांत मोठी वस्ती टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाई या भागात आहे. सन २००० च्या सुमारास संगणक अभियंते मोठ्या संख्येने तिथे गेले. बँका आणि कचेऱ्यांच्या भागात थेट जाणारी भुयारी रेल्वे आणि परक्या माणसालाही फार आढेवेढे न घेता मिळणारी सरकारी मंडळाची भाड्याची घरे, ही त्याची दोन साधी कारणे. आज तिथे तूरडाळ मिळते, हिंग मिळतो, गणपती बसतो. सोय झाली, पण सोयीबरोबर एक धोकाही आला. वर्षानुवर्षे टोकियोत राहून टोकियो न पाहणे आता सहज शक्य झाले आहे.

यावर उपाय महागडा नाही. एक महिना ठरवून घराबाहेर पडायचे आणि त्यासाठी नोव्हेंबर निवडायचा. तोवर वादळांचा हंगाम सरलेला असतो. दिवसा १७ अंशांच्या आसपास ऊन आणि रात्री ९-१० अंश, म्हणजे आपल्याकडच्या नाशिकची थंडीच. महिन्यात दोन सार्वजनिक सुट्ट्या येतात आणि जपानी माणूसही याच दिवसांत मुलाबाळांसह बाहेर निघतो.

पहिला आठवडा : घोडेस्वार, हत्तीण आणि सरस्वती

३ नोव्हेंबर हा जपानचा 'संस्कृती दिन'. सम्राट मेइजी यांचा जन्मदिवस हाच आणि १९४६ साली नवी राज्यघटना जाहीर झाली तीही याच तारखेला. १९४८ पासून हा दिवस कलेच्या आणि विद्येच्या नावाने पाळला जातो. त्या दिवशी काही संग्रहालये विनामूल्य खुली असतात.

मेइजी देवस्थानात या दिवशी धनुर्धाऱ्यांचा खेळ होतो. जुन्या काळचा शिकारी पोशाख घातलेला स्वार घोडा भरधाव सोडतो आणि लगाम न धरता एकामागून एक तीन फळ्यांवर बाण मारतो. फळी फुटल्याचा आवाज आला, की एरवी इतके संयमी वाटणारे लोक मोठ्याने ओरडतात. खेळ संपल्यावर परत फिरण्याची घाई करू नये. भोवतालचे सुमारे ७० हेक्टरांचे अरण्य माणसांनी लावलेले आहे. १९२० साली देवस्थान उभे राहिले, तेव्हा देशभरातून लोकांनी सुमारे एक लाख झाडे दिली होती. शंभर वर्षांत त्याचे असे जंगल झाले आहे, की आत शिरल्यावर शहर ऐकू येत नाही.

दुसरा दिवस उएनो बागेचा. इथले पाश्चात्त्य कलेचे संग्रहालय ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पीने आखले. ते १९५९ साली उघडले. चंदीगड आखणारा शिल्पी तो हाच. २०१६ साली त्याच्या सतरा वास्तूंना एकत्रितपणे जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात ही वास्तू आणि चंदीगडचा राजधानी परिसर दोन्ही आहेत.

शेजारी १८८२ सालचे प्राणिसंग्रहालय आहे. युद्धकाळात, १९४३ साली, बाँबहल्ल्यात पिंजरे फुटून श्वापदे शहरात शिरतील या भीतीने इथले मोठे प्राणी मारून टाकण्यात आले. तीन हत्ती होते. त्यांना उपाशी ठेवून मरू दिले गेले. युद्ध संपल्यावर ज्यांनी हत्ती कधी पाहिलाच नव्हता, अशा मुलांनी पंडित नेहरूंना पत्रे लिहिली आणि १९४९ साली भारतातून एक हत्तीण बोटीने टोकियोला पोहोचली. नेहरूंनी तिला आपल्या मुलीचे, म्हणजे इंदिरा हे नाव दिले होते. ती १९८३ पर्यंत जगली. ऐंशी ओलांडलेल्या एखाद्या जपानी आजोबांना आपण भारतातून आलो असे सांगितले, तर ते या हत्तिणीची आठवण काढण्याचा संभव बराच असतो.

बागेच्या खालच्या अंगाला शिनोबाझु तळे आहे. त्यात मधोमध बेन्तेन देवीचे देऊळ आहे. बेन्तेन, म्हणजेच बेन्झाइतेन, ही आपली सरस्वती. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे ती इथवर आली. वीणेच्या जागी तिच्याकडे 'बिवा' हे तंतुवाद्य आले, पण विद्या, कला आणि पाणी यांच्याशी असलेले तिचे नाते सुटले नाही. परमुलुखात आपले माणूस अचानक भेटावे, तसे इथे होते.

दुसरा आठवडा : डोंगरावरचा रामराम

टोकियोच्या आगगाडीत कोणी कोणाशी बोलत नाही. फोनवर बोलणे असभ्य समजले जाते. नव्याने गेलेल्या बाईला वाटते, या लोकांना माणसे नकोशीच असावीत. हा समज घालवायला ताकाओ डोंगरावर जावे.

शिंजुकू स्थानकातून खासगी रेल्वेची गाडी सुमारे तासाभरात डोंगराच्या पायथ्याशी सोडते. उंची ५९९ मीटर. पुण्याच्या पर्वतीपेक्षा दमछाक जास्त, सिंहगडापेक्षा पुष्कळ कमी. चढायला अनेक वाटा आहेत. पहिली वाट रुंद आणि बहुतांशी फरसबंद आहे. सहावी ओढ्याच्या कडेकडेने, ओल्या दगडांवरून जाते. चढण नको असेल, तर निम्म्या वाटेपर्यंत केबल कार आहे. तिचा चढ जपानमधल्या रेल्वेमार्गांत सर्वांत तीव्र, ३१ अंशांच्याही वर. लहान मुले खिडकीला नाक लावून बसतात आणि सासूबाई डोळे मिटून घेतात.

वाटेत याकुओ-इन हे देऊळ लागते. ते ७४४ साली स्थापन झाले, असे मानतात. लांब नाकाचे, पंख असलेले 'तेंगु' हे इथले रखवालदार. हवा स्वच्छ असेल, तर माथ्यावरून फुजी पर्वत दिसतो.

पण ताकाओला जायचे ते एवढ्यासाठी नव्हे. इथे समोरून येणारा प्रत्येक माणूस "कोन्निचिवा" म्हणतो. शाळकरी मूल म्हणते, काठी टेकत येणारे आजोबा म्हणतात, कालपर्यंत लिफ्टमध्ये नजर चुकवणाऱ्यांसारखेच दिसणारे तरुणही म्हणतात. डोंगरात अनोळखी माणसाला अभिवादन करायचे, ही तिथली रीत आहे. तिला शिष्टाचार आहे तसे व्यवहारी कारणही आहे. वाट चुकली, पाय मुरगळला, तर कोण कुठे दिसले होते हे दुसऱ्याच्या लक्षात राहते. दोन तासांच्या चढणीत शंभर वेळा तरी "कोन्निचिवा" म्हणावे लागते. पहिल्या दहा वेळा आवाज फुटत नाही. विसाव्या वेळेपासून तो आपोआप येतो. भाषेच्या वर्गात जे महिनाभरात होत नाही, ते एका दुपारी होऊन जाते.

ज्यांना आणखी शांत जागा हवी, त्यांनी मिताके डोंगर पाहावा. उंची ९२९ मीटर. इथे पाने आधी रंगतात, म्हणून तो महिन्याच्या पूर्वार्धातच उरकावा. माथ्यावर देवस्थान आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणाऱ्या पुजाऱ्यांची यात्रेकरूंसाठी घरे आहेत. या देवाचा दूत आहे लांडगा. त्यामुळे टोकियोतले लोक आपले कुत्रे दर्शनाला आणतात, आणि केबल कारमध्ये कुत्र्यांनाही जागा असते. खंडोबाच्या कुत्र्याला मान देणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

तिसरा आठवडा : सात, पाच, तीन

१५ नोव्हेंबरच्या आगेमागे कोणत्याही मोठ्या देवस्थानात गेले, तर किमोनो घातलेल्या चिमुकल्यांची गर्दी दिसते. हा 'शिची-गो-सान', म्हणजे सात-पाच-तीन नावाचा संस्कार. तीन आणि सात वर्षांच्या मुली, पाच वर्षांचे आणि काही घरांत तीन वर्षांचे मुलगे यांना देवदर्शनाला नेतात. हातात लांबट कागदी पिशवी असते. तिच्यावर सारस आणि कासव ही दीर्घायुष्याची चिन्हे आणि आत 'हजार वर्षांची गोळी' म्हणजे लाल-पांढऱ्या साखरेच्या कांड्या.

यामागे एक जुने दुःख आहे. पूर्वी लहान मुले फार दगावत. सात वर्षांपर्यंत मूल देवाचे, त्यानंतर ते आपले, अशी समजूत होती. म्हणून ते टप्पे ओलांडल्याचे आभार मानायचे. आपल्याकडच्या पाचवीला, बोरन्हाणाला आणि आजीच्या दृष्ट काढण्यालाही हीच काळजी ठाऊक आहे. आज हा सोहळा फोटोचा झाला आहे, पण किमोनोची गाठ सुटली म्हणून रडणारी तीन वर्षांची मुलगी आणि तिची समजूत घालणारी आजी बघितली, की परके काही उरत नाही. आपली मुलगीही तीन किंवा सात वर्षांची असेल, तर तिला जरीचे परकर-पोलके घालून न्यावे. तिथल्या आज्या "कावाई, कावाई" म्हणजे "किती गोड" म्हणत भोवती जमतात. फोटो मात्र कुणाच्या मुलांचा काढायचा, तर आधी विचारावे.

याच महिन्यात असाकुसा भागात 'तोरी नो इची'ची जत्रा भरते. जुन्या पंचांगातला कोंबड्याचा दिवस दर बारा दिवसांनी येतो, त्यामुळे महिन्यात दोन, कधी तीन जत्रा होतात. मध्यरात्रीपासून दुसऱ्या मध्यरात्रीपर्यंत ती चालते. विकायला असतात सजवलेली बांबूची दाताळी. शेतकरी पाचोळा ओढतो, तसे व्यापाऱ्याने वर्षभर सुदैव ओढून घ्यावे, हा त्यातला अर्थ. गंमत भाव करण्यात आहे. घासाघीस करून किंमत उतरवायची आणि जेवढी उतरली तेवढी रक्कम विक्रेत्याला खुशाली म्हणून परत करायची, ही जुनी रीत. मग दुकानातली सारी मंडळी तालात टाळ्या वाजवून गिऱ्हाइकाचे अभिनंदन करतात. दरवर्षी थोडे मोठे दाताळे घ्यायचे असते. आपल्याकडे चोपडीपूजन होऊन थोडेच दिवस झालेले असतात, तेव्हा ही जत्रा पटकन समजते.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर मात्सुचियामा नावाच्या टेकाडावर एक देऊळ आहे. तिथला देव कांगितेन म्हणजे आपला गणपती. मूर्ती झाकलेली असते, कोणाला दाखवत नाहीत. नैवेद्य मोदकाचा नसून पांढऱ्या मुळ्याचा. भाविक हातात मुळा घेऊन पायऱ्या चढताना दिसतात. हसू येईल, पण प्राचीन मूर्तिशास्त्रात गणपतीच्या हाती मुळा सांगितलेला आहे. आपण तो विसरलो. तिकडे तो टिकला.

चौथा आठवडा : पाने, भात आणि नाटक

वसंतातली चेरीची फुले जगभर गाजली. जपानी माणसाचे शरदातल्या पानांवरही तितकेच प्रेम आहे. या पानांच्या भेटीला जाण्याला त्यांचा शब्द आहे 'मोमिजीगारी', म्हणजे मेपलच्या पानांची शिकार. फुलांची बातमी दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, पानांची उत्तरेकडून दक्षिणेकडे, आणि डोंगरावरून खाली. थंडी वाढली की पानातले हिरवे द्रव्य मोडते. गिंकोच्या पानात आधीपासून असलेला पिवळा रंग तेव्हा उघडा पडतो. मेपलच्या पानात मात्र लाल रंग नव्याने तयार होतो. दिवसा ऊन आणि रात्री गारठा असेल, तर तो अधिक खुलतो.

शहरात हा बहर नोव्हेंबरच्या अखेरीस येतो. मेइजी देवस्थानाच्या बाहेरच्या उद्यानातली गिंकोची दुहेरी रांग तेव्हा पिवळीधमक होते. रिकुगिएन ही १७०२ साली एका सरदाराने पूर्ण केलेली बाग. तिच्यातली स्थळे जुन्या कवितांवरून योजलेली आहेत. टेकडी, पूल, तळे असे चालत जाताना जणू कवितासंग्रहाची पाने उलटली जातात.

२३ नोव्हेंबरची सुट्टी श्रमिकांबद्दलच्या कृतज्ञतेची. १९४८ साली हे नाव मिळाले. त्याआधी हा दिवस नव्या भाताच्या सणाचा होता. सम्राट आजही या दिवशी राजवाड्यात नवे तांदूळ देवाला अर्पण करतात. कोकणातल्या नव्याच्या घराला इतके जवळचे दुसरे काही सापडणार नाही.

एक संध्याकाळ काबुकी-झा नाट्यगृहासाठी ठेवावी. पूर्ण खेळ चार-चार तासांचा आणि महाग असतो; पण एकाच अंकाचे स्वस्त तिकीटही मिळते. ही नाट्यकला १६०३ च्या सुमारास ओकुनी नावाच्या एका स्त्रीने सुरू केली असे मानतात. १६२९ साली स्त्रियांना रंगभूमीवर बंदी झाली आणि तेव्हापासून स्त्रीभूमिका पुरुष करतात. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला हे समजावून सांगावे लागत नाही. रंगात आलेल्या क्षणी वरच्या मजल्यावरून जाणकार प्रेक्षक नटाच्या घराण्याचे नाव घेऊन आरोळी देतात, तेव्हा संगीत नाटकातला 'वन्स मोअर' आठवल्याशिवाय राहत नाही.

खाणे, खर्च आणि खबरदारी

शाकाहारी मंडळींची खरी अडचण मांसाची नसून माशाच्या पाण्याची असते. नूडल्स, सूप, भाज्या यांत सुकवलेल्या माशाचा अर्क बहुधा असतो. पोळी-भाजीचा डबा न्यावा. मात्र शिंजुकूला 'नाकामुराया'ची करी खाणाऱ्यांनी तिचा इतिहास जाणून खावी. ब्रिटिशांच्या हातून निसटून जपानला आलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना या दुकानाच्या मालकांनी आश्रय दिला, आपली मुलगी दिली, आणि १९२७ पासून बोस यांच्या पद्धतीची भारतीय करी तिथे मिळू लागली. थंडीतले सर्वांत निर्धोक खाणे म्हणजे भाजलेले रताळे. ते जवळपास प्रत्येक बाजारात गरम मिळते आणि चतुर्थीलाही चालते.

सहा वर्षांखालच्या मुलांना रेल्वेला सहसा तिकीट पडत नाही, अकरा वर्षांपर्यंत अर्धे पडते. कचरापेट्या जवळपास नाहीत. आपला कचरा पिशवीतून घरी न्यायचा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे महिनाअखेरीस साडेचारलाच सूर्य मावळतो. डोंगरावर सकाळी जावे, तीनपर्यंत उतरणीला लागावे आणि एक टॉर्च बरोबर असावा.

महिन्यानंतर

एका महिन्यात भाषा येत नाही, नोकरी मिळत नाही, नवराही लवकर घरी येऊ लागत नाही. बदल लहान असतो. स्थानकांची नावे ओळखीची होतात. मुले शाळेत सांगण्यासारखे काही घेऊन जातात. फोनवर आईला सांगायला "बरे आहे"पलीकडचे काही असते. पुढची पायरी मग अवघड वाटत नाही. स्वयंसेवक चालवतात असे जपानी भाषेचे स्वस्त वर्ग बहुतेक वॉर्डांत आहेत. २०१९ साली पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. मतदार अर्थातच जपानी नागरिक होते. परक्या गावाने इतके आपले मानण्याआधी त्या गावात मिसळावे लागते, आणि त्याची सुरुवात रस्त्यावर उतरण्यापासूनच होते.

डिसेंबरमध्ये वस्त्यांतून मोची कुटण्याचे कार्यक्रम होतात. वाफवलेला चिकट तांदूळ लाकडी उखळीत घालून मोठ्या मोगरीने कुटायचा असतो. कामाला हात कमीच पडतात. त्याची सूचना इमारतीच्या तळमजल्यावरील फळ्यावर जपानीत लागलेली असते. ती वाचता आली नाही, तर लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजारणीला "कोन्निचिवा" म्हणून विचारावे.